ओटीवर दोन्ही बाजूंनी वाजलेली तबकडी

१९५६ सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी, पनवेलला आमच्या घराच्या ओटीवर ग्रामोफोनची एक तबकडी दोन्ही बाजूंनी वाजवण्यात आली. दोन्ही बाजू मंद वाजल्या. ऐकायला आलेली तीन माणसं चहा-पोहे घेऊन गेली. मुलींच्या शाळेतली गाणं शिकवण्याची जागा माझ्या काकूला मिळाली नाही.

एवढं निश्चित आहे. बाकीचं मी पाहिलेलं, ऐकलेलं आणि एका माणसाने मला सांगितलेलं आहे. ज्या धंद्यात मी आहे तिथे या तिन्हींना सारखं वजन देत नाहीत. पाहिलेलं छापतात, ऐकलेल्याच्या मागे 'समजते' लावतात, आणि एकाच माणसाने सांगितलेलं दुसऱ्याने दुजोरा देईपर्यंत बाजूला ठेवतात. माझ्या बाबतीत तो दुजोरा यंदा मिळाला. म्हणून लिहितो आहे.

यंदाही भात कापून झालं आहे. एसटी पनवेलच्या जवळ येते तेव्हा आधी मिठागरांकडून वारा येतो, खारट आणि ओलसर. मग तो मागे पडतो आणि कापलेल्या शेतांचा कोरडा वास सुरू होतो. पेंढ्याचा, चिखल वाळून पडलेल्या भेगांचा, आणि कुठेतरी जळणाऱ्या गवताचा. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही हंगाम कोणता ते कळतं. या खेपेला माझ्या मांडीवर काळ्या रेक्झिनची एक पेटी होती. शेजारच्या माणसाने विचारलं, टाइपरायटर का? मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं.

पेटीत ग्रामोफोन होता. चावीचा, हातात धरून नेण्याजोगा. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेली थाळी, झाकणात तबकड्या ठेवायचा कप्पा आणि चावी अडकवायची खाच. काकूच्या लग्नात तिच्या भावाने तो दिला होता. आमच्या घरी सगळे त्याला फोनो म्हणत. तो आला तेव्हा पनवेलच्या बाजारात असे दोन-तीनच असतील. आता कुणी चावी देत बसत नाही, विजेवरचे आले आहेत. मुंबईत ज्या दुकानात मी तो दुरुस्तीला दिला तिथला माणूस म्हणाला, आता हे लोक शोभेला ठेवतात.

काकूचं नाव कुसुम. लग्नाआधी ती गाणं शिकली होती, आणि अठराव्या वर्षी तिची एक तबकडी निघाली होती. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला एक भजन. घरचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून लेबलावर 'कुमारी मालती' असं छापलं होतं. त्या काळात असं बऱ्याच मुलींचं होई. तबकडी फारशी खपली नाही. कंपनीने दुसरी काढली नाही. मग लग्न झालं आणि कुमारी मालतीचं पुढे काय झालं हा प्रश्न कुणाला पडण्याचं कारण उरलं नाही.

आमच्या घरात आजोबांचा, म्हणजे तात्यांचा शब्द चाले. तात्या गाण्याचे शत्रू नव्हते. उलट संध्याकाळी दुकानातून आल्यावर ओटीवर बसून ते फोनो लावायला सांगत, आणि नाटकातल्या, बैठकीतल्या बायकांच्या तबकड्या मान हलवत ऐकत. सुनेची तबकडीही त्यांनी ऐकली होती आणि चांगली आहे म्हणाले होते. त्यांचा नियम एवढाच होता की घरच्या सुनेने परक्या पुरुषांसमोर गाऊ नये. पेटीतून आवाज आला तर हरकत नव्हती. पेटी कुणाची सून नव्हती.

या नियमात काही वर्षं गेली. काकू स्वयंपाकघरात गुणगुणे, तेही ओटीवर कुणी नसताना. मूल झालं नाही. मग एका पावसाळ्यात चावी देताना आत काहीतरी फटकन तुटलं आणि फोनो बंद पडला. तो तसाच माळ्यावर गेला. दुरुस्त करायला हवा, असं काका अधूनमधून म्हणत.

माझे काका, मधुकाका, मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते. तात्यांसमोर तर नव्हतेच. पोह्याच्या आणि तांदळाच्या दुकानात ते तात्यांच्या उजव्या हाताला बसत आणि तात्या बोलत असताना मापाकडे बघत. पण फोनो चालू होता तोवर रोज संध्याकाळी चावी तेच देत. तबकडी पुसून ठेवत. सुई प्रत्येक बाजूला नवी घालत. बायकोबद्दल त्यांनी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तिची तबकडी मात्र ते पुसत ती धोतराच्या सोग्याने, बाकीच्यांना फडकं पुरे.

त्या वर्षी शाळेने मुलींना गाणं शिकवायला बाई हवी असल्याचं कळवलं. काकूने काकांना सांगितलं, काकांनी आजीला, आजीने तात्यांना. तात्यांनी एक दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मुलींना शिकवायचं, चार भिंतींत, त्यात वावगं काही नव्हतं. अडचण परीक्षेची होती. शाळेच्या कमिटीत मुख्याध्यापिकाबाई एकट्या, बाकी पुरुष. त्यांना गळा ऐकायचा होता, आणि तो त्यांचा हक्कच होता. तात्यांनी तोडगा काढला. गळा तबकडीत आहेच. त्यांनी घरी यावं, तबकडी ऐकावी, चहा घ्यावा. बाजारातल्या हॉटेलात विजेवरचा फोनो होता, तो मागून आणावा असं मी सुचवलं. हॉटेलातली वस्तू ओटीवर नको, असं उत्तर मिळालं. शिवाय घरात फोनो असताना मागायचा कशाला? मग माळ्यावरचा फोनो उतरवून बाजारात दुरुस्तीला दिला.

मी तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला नुकताच लागलो होतो आणि कापणीसाठी रजा घेऊन आलो होतो. विचुंब्याला आमची थोडी जमीन होती. तिथून भाऱ्यांची गाडी आणायची आणि घरामागच्या खळ्यात उतरवून घ्यायची हे माझं काम. जाता-येता बाजारात उस्मानभाईंच्या दुकानाशी थांबून फोनो कुठवर आला ते बघायचं, हे काकूने लावलेलं काम.

उस्मानभाई स्टोव्ह, घड्याळं, शिवणयंत्रं, जे येईल ते दुरुस्त करत. फोनोची मुख्य स्प्रिंग आतल्या टोकाशी तुटली होती. त्यांनी तुटकं टोक निखाऱ्यावर लाल करून नरम केलं, नवं भोक पाडलं आणि स्प्रिंग पुन्हा गुंडाळून डब्यात बसवली. काळं झालेलं जुनं वंगण रॉकेलने धुऊन काढलं. हे सगळं त्यांनी चार दिवसांत केलं आणि मग यंत्र दहा-बारा दिवस ठेवून घेतलं. चाचणीसाठी, असं त्यांचं म्हणणं. चाचणी म्हणजे दुकानात सकाळपासून सिनेमाची गाणी. समोरच्या सुक्या मासळीच्या बायकाही फर्माइश करू लागल्या होत्या. मी तगादा लावला तेव्हा ते म्हणाले की इतक्या वर्षांनी उठलेला माणूस लगेच घरी पाठवतात का, चार पावलं चालवून बघतात.

काका आणि मी फोनो आणायला गेलो तेव्हा मात्र ते गंभीर झाले. स्प्रिंग थोडी आखूड झाली आहे, दर बाजूला चावी पुरी द्या, असं सांगितलं. आणि काकांकडे बोट करून म्हणाले, "मधूशेठ, आता हिला तेल कुनी घालायचं नाय. मी घातलंय तेवढं बस. घरातल्या बायांना पन सांगून ठेवा."

काकांनी मान हलवली.

फोनो घरी आला त्या दुपारी काकूने तिची तबकडी लावली. ती मी प्रथमच नीट ऐकली. गाण्यातलं मला कळत नाही. आवाज बारीक आणि सरळ होता, वर जाताना अजिबात कापत नव्हता. काकू ऐकताना बसली नाही. यंत्राजवळ उभी राहून थाळीकडे बघत राहिली. संपल्यावर तिने सुई उचलली आणि आत गेली. त्यानंतरचे काही दिवस, सकाळी अंघोळीच्या पाण्याला जाळ घालताना, ती पुऱ्या आवाजात सा लावून धरे. आजी तिला गप्प करत नसे. नोकरी काकूला मिळाल्यासारखीच झाली होती. कोणत्या इयत्तेला आधी काय शिकवायचं, हे ती माझ्याशी बोलू लागली होती. लहान मुलींना आधी गाणं नको, नुसता ताल हाताने द्यायला शिकवायचा, असं तिचं मत होतं.

आता तेलाबद्दल. उरणच्या बाजूला आमचे नातेवाईक होते, त्यांच्या नारळांचं घाण्यावर काढलेलं खोबरेल दरवर्षी डब्याने येई. आमच्या घरात तेल म्हणजे तेच. केसांना तेच, भाजलं-कापलं तर तेच, दाराच्या बिजागऱ्यांना, दुकानाच्या कुलपांना, शिवणयंत्राला, काकांच्या छत्रीच्या काड्यांनाही तेच. थंडीत ते गोठे. कार्तिक संपला की बाटलीतलं तेल सकाळी मेणासारखं पांढरं होई, आणि ती बाटली मागच्या पायरीवर उन्हात ठेवणं हे रोजचं पहिलं काम असे. वितळलं की मग वेण्या. हे घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं. त्याचा यंत्राशी संबंध कुणी जोडला नाही. माहिती असणं आणि ती वेळेवर आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्राचा निम्मा धंदा या अंतरावर चालतो.

त्या सकाळी थंडी बरीच होती. कमिटीची माणसं शाळा भरण्याआधी आली. मुख्याध्यापिकाबाई, एक वकील आणि एक व्यापारी. आमची ओटी पश्चिमेला, तिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. गालिचा घातला होता. काकूने पोहे केले होते आणि ती मधल्या दाराच्या आड उभी होती. तिचं नेसणं नवं नव्हतं, पण लुगड्याला इस्त्री केलेली दिसत होती. तात्यांनी घराण्याची चार वाक्यं सांगितली. काकांनी चावी पुरी दिली, नवी सुई घातली आणि थाळी सोडली.

पहिल्याच आलापाला कळलं. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. एखाद्याने झोपेत बोलावं तसा तो लांबत, घसरत होता. तबल्याची थाप पडे आणि पुढची येईपर्यंत माणसं वाट बघत. काकांनी वेगाची कळ पुढे सरकवली, अगदी शेवटपर्यंत. आवाज थोडा चढला, डळमळला, पुन्हा बसला. बाजू तशीच संपली. काकांनी तबकडी उलटली, पुन्हा चावी दिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भजनही तसंच गेलं.

वकिलांनी विचारलं, "हे आपल्या सूनबाईच ना?"

व्यापारी म्हणाले, "थंडी लागली असेल हो त्यांना."

तात्या सोडून सगळे हसले. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी तात्यांना विचारलं की यंत्र बिघडलेलं दिसतं, तर मी एकटी आत जाऊन सूनबाईंना दोन ओळी म्हणायला सांगू का? काकूने दाराआडून एक पाऊल पुढे टाकलं. ते मी पाहिलं. तिने काकांकडे बघितलं. काकांनी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, आतलं गाणं इथे बसलेल्यांना ऐकू येणारच, भिंती काही किल्ल्याच्या नाहीत. यंत्र दुरुस्त करून घेतो, मग पुन्हा या.

"येऊ की," वकील म्हणाले.

ते पुन्हा आले नाहीत. थोड्याच दिवसांत शाळेने दुसऱ्या बाई नेमल्या. त्या चांगल्या शिकवतात असं पुढे ऐकलं.

मंडळी गेल्यावर काकूने बश्या उचलल्या. मी मागच्या दारी हात धुवायला गेलो तेव्हा पायरीवर तेलाची बाटली होती. ऊन नुकतंच तिच्यापर्यंत पोचलं होतं. वरचा थर सुटून पाण्यासारखा झाला होता, खाली अजून पांढरं.

दुपारी, जेवणं झाल्यावर, काकूने फोनो उचलला आणि मागच्या खळ्यात नेला. भारे रचलेले होते, विचुंब्याच्या बायका भात झोडत होत्या. एका पालथ्या टोपलीवर तिने पेटी ठेवली, उन्हात. झाकण उघडलं. थोडा वेळ तशीच राहू दिली. मग चावी दिली आणि तबकडी लावली.

ती बरोबर वाजली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत बरोबर वाजली. उन्हात खोबरेलचा वास येत होता, पण तिथे सगळ्यांच्याच डोक्याला ते होतं. झोडणाऱ्या बायका थांबल्या. चांगीबाई म्हणून एक म्हातारी होती, दरवर्षी आमच्याकडे झोडणीला येणारी. तिने पदराने तोंडावरचा भुसा पुसला.

"कोन गो ही बाय? गला ब्येस हाय."

"मालती म्हणून कुणीतरी आहे," काकू म्हणाली.

"कुठली?"

"मुंबईची असेल."

चांगीबाईने पेंढी उचलली. "मंग तिच्या घरी रांधायला दुसरी कोन तरी असंल," ती म्हणाली, आणि बायका हसल्या. काकूही हसली. दुसरी बाजू तिने लावली नाही.

संध्याकाळी तात्यांनी उस्मानभाईंना बोलावून घेतलं. ते आले, चावी दिली, एक सिनेमाची तबकडी लावली. ती सुरळीत वाजली. ते म्हणाले, चालतंय की. तात्या म्हणाले, सकाळी आमची अब्रू गेली आणि आता चालतंय म्हणता. शब्दाला शब्द वाढला. बाजारात यंत्र दहा दिवस वाजवून झिजवलंत, असंही तात्या म्हणाले. काका तिथेच होते. उस्मानभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या. त्यानंतर त्यांनी आमच्या घरचं काम घेतलं नाही. स्टोव्हसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात काका आणि मी विचुंब्याहून शेवटची गाडी घेऊन येत होतो. काका गाडीच्या पुढच्या बाजूला बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

ते म्हणाले, "ते तेल मी घातलं होतं. आदल्या संध्याकाळी. चावी देताना किरकिर येत होती. कोंबडीच्या पिसाने घातलं, सगळ्या चाकांना."

मी विचारलं, कुठलं तेल?

"घरचंच," ते म्हणाले.

काकूला सांगितलं का, असं मी विचारलं. नाही. तात्यांना? नाही. आता सांगून जागा थोडीच परत मिळणार आहे, असं ते म्हणाले, आणि तू बोलू नकोस म्हणाले. मी बोललो नाही. माहिती एका माणसाकडून आली होती, आणि ती त्याची होती. बैलांच्या घंटा वाजत होत्या आणि गाडीतून भाताचे दाणे रस्त्यावर सांडत होते. त्या हंगामाची मला सर्वांत स्पष्ट आठवण ही आहे, काकांच्या पाठीची. सदरा घामाने चिकटला होता, थंडी असूनही.

पुष्कळदा वाटतं की त्या घरात त्या दिवशी कुणी दुष्ट नव्हतं. हे समाधान नाही. दुष्ट माणूस असता तर निदान बोट दाखवायला जागा असती. तात्यांनी सुनेला नोकरी करू द्यायचं ठरवलं होतं. काकांनी यंत्राला तेल घातलं होतं. बाईंनी आत जायची तयारी दाखवली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने मदतच केली. फक्त जिचा गळा होता तिला कुणी गायला सांगितलं नाही. ती त्या वेळी त्या घरातच होती, मधल्या दाराशी.

पुढच्या उन्हाळ्यात काकूने ती तबकडी उकळत्या पाण्यात घातली. लाखेची तबकडी गरम पाण्यात मऊ पडते, तेव्हा ती तांब्यावर दाबून तिच्या वाट्या करायची त्या दिवसांत बायकांना आवड होती. फुटक्या, झिजलेल्या तबकड्यांच्या करत. ही फुटकी नव्हती. आजीने विचारलं तर ती म्हणाली, बटणं ठेवायला काही नव्हतं. वाटीच्या कडा फुलासारख्या वळलेल्या होत्या. तळाचं भोक तिने मेणाने बुजवलं. काका त्या दिवशी दुकानातून आले, वाटी पाहिली आणि हात-पाय धुवायला गेले.

फोनो पुन्हा माळ्यावर गेला. तात्या पुढे दोन वर्षांनी वारले. मग ओटीवर कुणीही गाऊ शकलं असतं.

यंदा मी तो मुंबईला नेला. का नेला, याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. भाताचा हंगाम जवळ आला की ती पेटी डोळ्यांसमोर येते, एवढं कारण पुरेसं असावं. दुकानदाराने खालची पट्टी उघडली, बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. सगळ्या चाकांवर पिवळट, चिकट कवच धरलं होतं. त्याने विचारलं, यात खोबरेल कुणी घातलं? दुजोरा म्हणतात तो हा. त्याने सगळं खरवडून, धुऊन काढलं. उस्मानभाईंनी पाडलेलं भोक त्याने मला दाखवलं आणि हे काम पक्कं आहे, याला हात लावायची गरज नाही, असं म्हणाला. वेग तपासून दिला. थाळी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते, जेवढे घ्यायला हवेत तेवढेच.

मी पोचलो तेव्हा काकू ओटीवर बसली होती, काकांचा सदरा मांडीवर घेऊन. केस पांढरे झाले आहेत तिचे, चष्मा लागला आहे. काका खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. मी पेटी ठेवली आणि उघडली. बनात नवी होती, पितळ घासलेलं. चावी दिली. थाळी रिकामीच फिरू लागली, आवाज न करता. मी मुंबईहून दोन तबकड्या आणल्या होत्या. त्या लावायला कुणी सांगितलं नाही.

काकूने थाळी थांबेपर्यंत पाहिली.

"तेल कुठलं घातलंय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, यंत्राचं.

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. ते त्यांनी तसंच, तोंडापुढे धरून ठेवलं.

"बरं," काकू म्हणाली. मग तिने खिडकीतली काळी वाटी जवळ ओढली, तिच्यातून एक बटण निवडलं, आणि काकांच्या सदऱ्याला लावायला घेतलं.